वाचक विचारतात: गाडी आपली, गाईड आपला – दिल्ली, आग्रा, जयपूर

मोठ्या ग्रुपबरोबर न जाता फक्त आपल्या कुटुंबापुरती गाडी, चालक आणि गाईड ठरवून उत्तर भारत पाहू इच्छिणाऱ्या वाचकांची या महिन्यात बरीच पत्रे आली. बऱ्याच जणांची अडचण सारखीच असल्याने निवडक प्रश्न घेतले आहेत. जिथे पैसे किंवा दिवस वाया जाण्याची शक्यता जास्त, तिथे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही चौघे, त्यात आई-बाबा सत्तरीचे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जायचे आहे. एजंटने दिलेला कार्यक्रम असा : गुरुवारी दुपारी दिल्ली, शुक्रवारी पहाटे निघून आग्रा आणि ताजमहाल, शनिवारी जयपूर, रविवारी जयपूर दर्शन, सोमवारी परत दिल्लीला येऊन लाल किल्ला, मंगळवारी विमान. ठीक आहे का? (कोल्हापूर)

नाही. ताजमहाल दर शुक्रवारी बंद असतो आणि लाल किल्ला दर सोमवारी. म्हणजे तुमच्या कार्यक्रमातल्या दोन मुख्य गोष्टी नेमक्या बंदच्या दिवशी आल्या आहेत. दिल्लीतले अक्षरधाम, लोटस टेंपल आणि राष्ट्रीय संग्रहालयही सोमवारी बंद असतात. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर मात्र आठवड्याचे सातही दिवस पाहता येतात. एजंट बहुधा एकच ठरलेला साचा सगळ्यांना पाठवतात आणि त्यात वार बघायचे राहून जाते. म्हणून कोणताही कार्यक्रम हाती आला की आधी तारखांपुढे वार लिहा.

दुसरी चूक ‘पहाटे निघून’ या शब्दांत आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत यमुनेच्या पट्ट्यात दाट धुके असते. तिकडे त्याला कोहरा म्हणतात. १६५ किलोमीटरच्या यमुना एक्स्प्रेसवेवर एरवी मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असते, ती या काळात ७५ वर आणतात. अशा पहाटे निघून वेळ वाचत नाही, आणि धोका तेवढा वाढतो. ताजचा सूर्योदय हा पर्यटनातला सगळ्यात लोकप्रिय सल्ला आहे, पण तो ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मार्चसाठी. जानेवारीत सकाळी सातला चौथऱ्यासमोर उभे राहिलात तर समोर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसायचे नाही. दुपारी ऊन पडते तेव्हा संगमरवर उजळतो.

विमानाची तिकिटे अजून काढली नसतील तर शनिवारी दिल्लीत उतरा. रविवारी दिल्ली, म्हणजे लाल किल्ला उघडा मिळेल. सोमवारी नाश्ता करून नऊच्या सुमारास निघा. २३० किलोमीटरला साडेतीन-चार तास लागतात. हॉटेलवर सामान टाकून अडीचच्या आत ताजच्या दारात पोचा. ताज सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो आणि जानेवारीत आग्र्यात सूर्य साडेपाचनंतर थोड्याच वेळात मावळतो, त्यामुळे चारला गेलात तर घाईघाईत बाहेर पडावे लागेल. तिकीट आत गेल्यापासून तीन तासांचे असते, तेवढा वेळ पुरतो. मंगळवारी सकाळी आग्रा किल्ला, वाटेत फत्तेपूर सिक्री आणि संध्याकाळी जयपूर. बुधवार पूर्ण जयपूरला द्या. गुरुवारी जयपूरहूनच मुंबई किंवा पुण्याचे विमान धरा, दिल्लीला परतू नका. गाडीवाला रिकाम्या परतीचे किलोमीटर लावणारच, पण आई-बाबांचे रस्त्यावरचे पाच तास वाचतील.

तिकिटे आधीच काढून झाली असतील तर शुक्रवार दिल्लीत घालवा, शनिवारी आग्र्याला जा आणि जयपूरचे दोन दिवस रविवार-सोमवारात बसवा. ताजला शनिवार-रविवारची गर्दी सोसावी लागेल, एवढेच.

ज्येष्ठांसाठी आणखी तीन गोष्टी. ताजजवळ पेट्रोल-डिझेलची वाहने नेता येत नाहीत. पूर्व दरवाजाकडे आलात तर गाडी शिल्पग्रामच्या पार्किंगला थांबते आणि तिथून बॅटरीच्या गाड्या दारापर्यंत नेतात. त्यांना नाकारून चालत जाऊ नका, आतही बरेच चालायचे असते आणि मुख्य चौथऱ्यावर पायऱ्या आहेत. आग्रा किल्ल्यात अमरसिंह दरवाजातून आत गेल्यावर लांबलचक दगडी चढण लागते, तिथे सावकाश जायला अर्धा तास जादा धरा. आणि जयपूरच्या आमेर किल्ल्यावर समोरच्या वाटेने चढत न जाता मागच्या रस्त्याने जीप किंवा छोटी गाडी वर न्या. हत्तीवरून जाण्याचा आग्रह होईल, तो टाळा. चढता-उतरताना गुडघ्यांना त्रास होतो आणि जनावरांचे हालही बघवत नाहीत.

प्रश्न : पाच जण, सहा दिवस, दिल्ली–आग्रा–जयपूर–दिल्ली. एकाचे कोटेशन ७८ हजार, दुसऱ्याचे ९६ हजार. दोघांकडे इनोव्हा, दोघांकडे ‘थ्री स्टार’ हॉटेल. मग १८ हजारांचा फरक कसा? (ठाणे)

घोडे पेंड खाते ते किलोमीटरमध्ये. दिल्ली–आग्रा २३०, आग्रा–जयपूर २४०, जयपूर–दिल्ली साधारण २७५, म्हणजे शहरांमधले अंतर ७४५ किलोमीटर. त्यात गावातली फिरफिर १५०-२०० धरा. खरे धावणे साडेनऊशेच्या आत. पण उत्तरेत बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान २५० किलोमीटर लावायची पद्धत आहे, म्हणजे सहा दिवसांचे १५००. महाग कोटेशनमध्ये हे १५०० धरलेले असतील तर तुमच्याकडे पाचशेहून जास्त किलोमीटर शिल्लक राहतात आणि वाटेत कुठेही वळता येते. स्वस्त कोटेशन बहुतेक ‘पॉइंट टू पॉइंट’ असते : शहर ते शहर एवढेच, आणि गावात ‘८ तास ८० किलोमीटर’. मग मेहताब बागेकडे वळा म्हटले की जादा पैसे, संध्याकाळी बाजारात सोडा म्हटले की नवव्या तासाचे पैसे.

यातला मधला मार्ग आम्हाला सर्वांत चांगला वाटतो. दिल्लीतले दोन दिवस ८ तास ८० किलोमीटरच्या हिशेबाने घ्या आणि दिल्लीबाहेरचे चार दिवस २५० च्या हिशेबाने. चार दिवसांचे १००० किलोमीटर होतात, प्रत्यक्ष लागतात साडेआठशेच्या आसपास. वाटेत कुठे थांबायला पुरेशी सवड राहते आणि न वापरलेल्या किलोमीटरचा भुर्दंड पडत नाही. किलोमीटर कुठून मोजणार हेही विचारून घ्या. ‘गॅरेज टू गॅरेज’ असेल तर गाडी तुमच्या हॉटेलपर्यंत येण्याचे आणि परत जाण्याचे अंतरही तुमच्याच खात्यावर पडते.

मग एकेक बाब विचारा आणि उत्तर लेखी घ्या. टोल, पार्किंग, राज्याचा कर आणि चालकाचा रात्रीचा भत्ता धरला आहे का? स्मारकांची तिकिटे धरली आहेत का? ताजचे प्रौढ भारतीयाला ५० रुपये आणि मुख्य कबरीत जायचे आणखी २०० रुपये असे माणशी अडीचशे होतात. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. गाईड किती दिवसांचा, अर्ध्या दिवसाचा की पूर्ण? पाच टक्के जीएसटी रकमेत आहे की वर? ३१ डिसेंबरची रात्र असेल तर हॉटेलचे सक्तीचे ‘गाला डिनर’ धरले आहे का? ते माणशी आकारतात आणि ही रक्कम लहान नसते.

हॉटेलांच्या बाबतीत ‘थ्री स्टार किंवा तत्सम’ हे शब्द मान्य करू नका. हॉटेलचे नाव आणि खोलीचा प्रकार मागा, नकाशावर ते स्वतः बघा. दिल्लीत विमानतळालगत महिपालपूरला खोली स्वस्त पडते, पण तिथून लाल किल्ल्याकडे जाण्यातच सकाळचा तास-दीड तास जातो. आग्र्यात फतेहाबाद रोडचा भाग ताजच्या पूर्व दरवाजाला सोयीचा आहे. जेवणाची अक्षरेही बघा : ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि रात्रीचे जेवण. एमएपी घेतले की रोज संध्याकाळी हॉटेलवर परतायची घाई होते. जयपूरला बाहेर जेवण्यासारखी ठिकाणे इतकी आहेत की सीपीच घ्यावे, असे आमचे मत.

प्रश्न : गाडी कोणती घ्यावी? सहा जणांना अर्टिगा सांगितली आहे. (सोलापूर)

सहा माणसे आणि सहा बॅगा अर्टिगात बसत नाहीत. तिसरी रांग उभी केली की मागे जेमतेम दोन छोट्या बॅगांची जागा राहते, आणि गाडी सीएनजीची असेल तर सिलिंडर तीही खातो. डिझायरचेही तेच : सीएनजी टाकीमुळे निम्मी डिकी जाते. चार जणांपर्यंत अर्टिगा, पाच जणांना इनोव्हा, सहा जणांना वर कॅरियर असलेली इनोव्हा, त्याहून जास्त असाल तर टेंपो ट्रॅव्हलर.

नंबरप्लेट पिवळीच हवी आणि ऑल इंडिया टूरिस्ट परमिट हवे. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे; वाटेत आरटीओने अडवली तर गाडी जागच्या जागी थांबते आणि तुम्ही सामानासह रस्त्यावर. ऑक्टोबरअखेरीपासून हिवाळाभर जाणार असाल तर आणखी एक अट घाला : बीएस-६ (सर्वांत नव्या प्रदूषण मानकाची) गाडी. दिल्लीची हवा फार बिघडली की निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू होतो आणि बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल मोटारींना तिथे बंदी येते. हे आदेश ऐनवेळी निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन मागून घ्या.

प्रश्न : सगळ्या सहलीला एकच गाईड बरोबर ठेवावा की प्रत्येक गावी वेगळा? मराठी बोलणारा मिळतो का? (छत्रपती संभाजीनगर)

प्रत्येक गावी वेगळा. बरोबर फिरणाऱ्या गाईडचे राहणे-जेवण आणि गाडीतली एक जागा तुमच्या माथी येते, आणि जयपूरच्या जंतरमंतर या वेधशाळेविषयी दिल्लीचा माणूस जयपूरच्या माणसाइतके सांगू शकत नाही. मराठी गाईडच्या मागे लागू नका, मिळणे दुर्मीळ. आपल्याला हिंदी कळते हीच आपली सोय आहे : हिंदी गाईडची फी परदेशी भाषांच्या गाईडपेक्षा कमी असते आणि निवडीला माणसे भरपूर असतात.

गाईडकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे, राज्याच्या पर्यटन खात्याचे किंवा पुरातत्त्व खात्याचे ओळखपत्र हवे, गळ्यात आणि फोटोसह. आग्र्यात पार्किंगपासून दारापर्यंत अंगावर येणाऱ्या माणसांना तिथले लोकच ‘लपके’ म्हणतात. ‘आज मुख्य दरवाजा बंद आहे’, ‘रांगेशिवाय आत नेतो’, ‘सरकारी गाईड सक्तीचा आहे’ ही त्यांची ठरलेली वाक्ये. तिन्ही खोटी. तिकीट आधीच ऑनलाइन काढून मोबाईलवर ठेवले असेल तर त्यांच्याशी बोलायची वेळच येत नाही. फत्तेपूर सिक्रीला हा त्रास सर्वांत जास्त. तिथे दोन वेगळे भाग आहेत : राजवाड्याच्या भागाला तिकीट लागते, बुलंद दरवाजा आणि सलीम चिश्तींचा दर्गा यांना लागत नाही. दर्ग्यात चादर चढवलीच पाहिजे असे सांगून हजारोंची चादर गळ्यात मारतात. सक्ती कसलीही नाही.

गाईडला वेळेची अटही घाला. जंतरमंतर उन्हाशिवाय निरर्थक आहे : २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या प्रचंड सूर्यघड्याळाची, सावली सरकताना पाहिली तरच सवाई जयसिंहाने काय साधले ते कळते. धुक्याच्या सकाळी तिथे नेऊ नका म्हणावे, अकरानंतर न्या. हवामहल पूर्वाभिमुख आहे, त्याचा फोटो मात्र सकाळीच.

प्रश्न : मागच्या सहलीत आग्र्यात तीन तास दुकानांतच गेले. हे टाळता येते का? (नागपूर)

येते, पण पैसे देण्याआधी. कार्यक्रमातच ‘आमच्या मागणीशिवाय एकही दुकान नाही’ असे लिहून घ्या आणि पहिल्या सकाळी चालकाला व गाईडला तेच शांतपणे सांगा. दुकानदार कमिशन देतात, ते तुमच्या किमतीतूनच जाते. ‘फक्त कारागिरी बघा, फुकट आहे’ म्हणून नेतात, आणि चहा झाला की गालिचे उलगडू लागतात.

संगमरवरावरची पच्चीकारी (रंगीत दगडांचे जडावकाम) खरोखर घ्यायची असेल तर दोन परीक्षा. मोबाईलचा टॉर्च दगडाला खेटून लावा : मकराण्याच्या संगमरवरातून उजेड आरपार झिरपतो. मग खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवर नाणे दाबून ओढा. रेघ उमटली तर तो मऊ गोरारा, म्हणजे सोपस्टोन. दुकानदार नाणे लावू देत नसेल तर उठा. जयपुरात ‘ही रत्ने तुमच्या नावाने पाठवतो, गावी गेल्यावर दुप्पट भावाने विका’ असे कोणी सुचवले तर तेही सरळ फसवणुकीचे समजा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. माझा पासपोर्ट भारतीय, पत्नी आणि दोन्ही मुलांचा (१७ आणि १२) अमेरिकन, पण ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारी) कार्डे आहेत. तिकिटे कोणत्या दराने?

तुमचे भारतीय दराने, त्यात वाद नाही. ओसीआयधारकांना राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेश शुल्कात भारतीयांइतकीच सवलत २०२१ च्या अधिसूचनेने दिली आहे, त्यामुळे पत्नी आणि मोठ्या मुलाचेही ताजचे तिकीट भारतीय दराचे. धाकट्याला लागत नाही. फरक लहान नाही : परदेशी नागरिकाला ११०० अधिक २०० रुपये पडतात. मूळ ओसीआय कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा, मोबाईलमधल्या फोटोवर दारावरचा कर्मचारी अडवू शकतो. जयपूरचा सिटी पॅलेस खासगी आहे, तिथे त्यांचेच दर. आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, नाहरगड यांचे मिळून एक संयुक्त तिकीट निघते, ते दोन दिवस चालते.

प्रश्न : मुलांना शिवाजी महाराजांचा आग्रा दाखवायचा आहे. शिवाय पानिपतही याच सहलीत बसेल का? (सातारा)

आग्रा नक्की दाखवा, आणि त्यासाठी गाईडला आदल्या दिवशीच कल्पना द्या, नाहीतर किल्ल्याची फेरी अकबर, शाहजहान यांच्यावरच संपते. अमरसिंह दरवाजासमोर, किल्ल्याबाहेर, महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. सुरुवात तिथून करा. आत दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास बघताना मुलांना तारखा सांगा : १२ मे १६६६ रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले आणि १७ ऑगस्टला आग्र्यातून निसटले. याच दिवाण-ए-आममध्ये २०२३ साली शिवजयंती साजरी झाली.

एक गैरसमज मात्र तिथेच दूर करावा. किल्ल्यातली एखादी खोली दाखवून ‘महाराजांना इथे कैदेत ठेवले होते’ असे कोणी सांगितले तर ते बरोबर नाही. महाराजांचा मुक्काम किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह याच्या निवासाजवळ होता आणि पहारे तिथे बसले होते. किल्ल्यातल्या मुसम्मन बुर्जात कैदेत होता तो शाहजहान, आणि महाराज आग्र्याला पोचण्याच्या काही महिने आधीच, जानेवारी १६६६ मध्ये, तो वारला होता. बुर्जाच्या सज्जातून यमुनेच्या वळणावर ताज दिसतो, तिथे उभे राहून हे सांगितले की मुलांच्या चांगले लक्षात राहते.

पानिपत मात्र उलट्या दिशेला, दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर. आग्र्याच्या वाटेवर ते बसत नाही. दिल्लीतला एक वेगळा दिवस द्यावा लागतो. काला आंब स्मारक आणि पानिपतचे संग्रहालय पाहून संध्याकाळी परत येता येते. १४ जानेवारीला, १७६१ च्या युद्धाच्या दिवशी, तिथे मराठी माणसे जमतात. त्या दिवशी जायचे असेल तर धुक्यामुळे पानिपतलाच आदल्या रात्री मुक्काम करा. ग्वाल्हेरही विचारात घ्या : आग्र्यापासून १२० किलोमीटर, तिथे राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, आणि दिल्लीहून आग्रा-ग्वाल्हेर-झाशीला जाणारी गतिमान एक्स्प्रेस शुक्रवार सोडून रोज धावते. दिवस एकच असेल आणि दोहोंत निवड करायची असेल, तर आम्ही पानिपतच सुचवू.

प्रश्न : त्याच गाडीने आग्र्याहून काशीला जावे का? (पुणे)

नको. अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे; पूर्ण दिवस जातो आणि गाडीच्या रिकाम्या परतीचे भाडेही बसते. आग्र्याला गाडी सोडून द्या आणि वंदे भारतने किंवा दिल्लीहून विमानाने जा. दिल्ली–वाराणसी वंदे भारतला आठ तास लागतात. काशीत गाडीचा उपयोगही मर्यादित आहे : ती गोदौलिया चौकाच्या अलीकडेच थांबते, पुढे गल्ल्यांतून पायीच. तिथे गाडीपेक्षा चांगला गाईड आणि स्वतंत्र नाव यांवर खर्च करा. गाडी फक्त विमानतळ आणि सारनाथ यांच्यासाठी. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद.

नाव पहाटे घ्या आणि नावाड्याला अहिल्याबाई, भोसले, शिंदे हे घाट दाखवायला सांगा. आजचे विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारलेले. मंदिरात मोबाईल, घड्याळ, पेनसुद्धा नेता येत नाही. सगळे हॉटेलवर ठेवून जा, म्हणजे लॉकरची रांग वाचते. भर पावसाळ्यात गंगा चढली की घाट बुडतात आणि नावा बंद होतात, तेव्हा जुलैअखेर ते सप्टेंबर हा काळ टाळा.

प्रश्न : चालकाच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी आपली का? (रत्नागिरी)

रात्रीचा भत्ता कोटेशनमध्ये असेल तर हिशेबाने नाही. तरीही हॉटेल ठरवतानाच ‘ड्रायव्हरसाठी झोपायची सोय आहे का’ एवढे विचारा. जानेवारीच्या थंडीत बरेच चालक गाडीतच झोपतात आणि सकाळी त्यांच्याच हाती तुमचे घरचे सगळे असतात. सोय नसेल तर त्या रात्रीची खोली तुम्ही द्या. रात्री आठनंतर महामार्गावर गाडी चालवायला लावू नका, आणि दर दोन तासांनी चहाला थांबा.